अर्धी खोळ

आमची विमान तुकडी बंद होणार, म्हणजे तिचा झेंडा गुंडाळून खोळीत जाणार हे कळलं, तेव्हा आजोबांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. "डेलिया, झेंड्यावर खोळ चढेल तेव्हा युरोपची फीत काठीलाच पाहिजे."

माझे आजोबा, ऑर्विल टॅकेट, महायुद्धात याच तुकडीच्या बॉम्बफेकी विमानात शेपटीकडची मशीनगन चालवायचे. एका सकाळी दाढ सुजली म्हणून त्यांना उडू दिलं नाही, आणि त्यांचं विमान सगळ्या पोरांसकट समुद्रात गेलं. त्या पोरांना थडगी नाहीत. युरोपवरच्या हवाई मोहिमेबद्दल तुकडीला मिळालेली ती हिरवी-तपकिरी फीत, एवढंच काय ते.

मी सार्जंट, झेंडा धरणं माझं काम. समारंभाच्या सकाळी कर्नल प्रुइट नवी खोळ घेऊन आले. नियमावर बोट ठेवून शिवलेली, पण माप नुसत्या झेंड्याचं. काठीला बांधलेल्या मोहिमांच्या फितींसकट गुंडाळी आत जाईना.

"फिती काढून खोक्यात टाक," ते म्हणाले. "नंतर लावतील."

"कोण लावणार, सर? उद्या तुकडीच नाही."

"टॅकेट, मला शिकवू नकोस."

"मग तुम्हीच काढा. पण मैदानात, माझ्या आजोबांसमोर."

त्यांनी दातओठ खाल्ले. तेवढ्यात बँड सुरू झाला.

मैदानात मी झेंडा आडवा धरून गुंडाळला. कर्नलनी वरून खोळ ओढली, ती अर्ध्यावर अडली. खोटं कशाला सांगू, मला संताप आला होता. माप चुकलं आमचं, आणि खोक्यात जायचं त्या पोरांनी?

"फिती सोड," कर्नल ओठ न हलवता म्हणाले.

"नाही, सर."

पहिल्या रांगेतून आजोबांचा आवाज आला, "पोरी, तशीच चल."

मी चालू लागले. खोळ अर्धी, खाली फिती वाऱ्यावर. आजोबांपुढे आले आणि संचलन मोडून थांबले. त्यांनी युरोपची फीत हातात घेतली आणि विमानातल्या एकेकाचं नाव मोठ्यानं घेतलं. अजिबात घाई केली नाही. बँड थांबला. कर्नल माझ्यामागे ताटकळत उभे राहिले. राहतील नाहीतर जातील कुठे? झेंडा माझ्या हातात होता.