सर्व्हरमधला ‘आलोच’

सर्व्हरच्या खोलीबाहेर चपलांचा ढीग पडला होता. आमरसाच्या कारखान्यातली झाडून सगळी माणसं काचेला नाक लावून उभी होती. आत भस्मानंदबुवा यंत्राच्या कपाटाभोवती उदबत्ती ओवाळत होते. कॉम्प्युटर सांभाळणारा अनिल शेजारी, की-बोर्डवर हात ठेवून, भक्तिभावाने मान खाली घालून बसला होता.

“हे आत्म्या, विजेच्या वाटेने आलास, विजेच्या वाटेनेच बोल!” बुवा गरजले.

दिवे लुकलुकले. बंद पडलेला सर्व्हर सुरू झाला आणि ऑफिसातल्या प्रत्येक पडद्यावर एकच मेसेज उमटला. यज्ञेश: आलोच.

बायकांनी हात जोडले. नीरजा नुसती बघत राहिली.

यज्ञेश तिचा नवरा. हा सर्व्हर त्यानेच उभारलेला. रत्नागिरीचं ऑफिस, पावसच्या बागा, जयगड बंदरावरची माणसं, सगळ्यांचे मेसेज, फायली, बैठका त्यावर चालत. पावसला असताना सर्व्हर अडखळतोय असा त्याला फोन आला. त्याने ग्रुपवर ‘आलोच’ लिहिलं, मोटरसायकल काढली, आणि वळणावर टेम्पोखाली गेला. तेव्हापासून सर्व्हर सारखा बंद पडे, बुवा येत, आणि यज्ञेशचा शब्द पुन्हा उमटे. दिवसकार्य उरकून नीरजा हिशेब खात्यात परत आली होती. तिला रडूही येत नव्हतं.

“वहिनी,” मालक राजाभाऊ जमिनीकडे बघत म्हणाले, “बुवा म्हणतात, तुमच्या ओढीने तो इथे अडकलाय. तुम्ही नोकरी सोडलीत तर सुटेल. मला वाईट वाटतं हो, पण ऐन हंगाम...”

“बरं,” नीरजा म्हणाली.

“बरं काय, वहिनी?” महरीन पुढे झाली. ती यज्ञेशच्या हाताखाली शिकलेली, आता जयगडला नोकरीला; नीरजाला भेटायला आली होती. “राजाभाऊ, पुढच्या वेळी अनिलला बाहेर बसवा. आत्मा यज्ञेशदादांचा असेल, तर त्याला अनिल कशाला हवा?”

राजाभाऊंना हे पटलं. पुढच्या आठवड्यात सर्व्हर पुन्हा बंद पडला, तेव्हा महरीनही आली होती आणि बुवा एकटेच आत गेले. मंत्र संपले, पुन्हा सुरू झाले, उदबत्तीचा पुडा संपला. यंत्र ढिम्म.

“कोणाची तरी नास्तिक नजर आड येत्येय!” बुवा घाम पुसत म्हणाले.

महरीन आत जाऊन अनिलच्या खुर्चीत बसली आणि पडद्यावरच्या नोंदी चाळल्या. “सर्व्हर जे जे करतो त्याची नोंद लिहून ठेवतो. त्या नोंदींच्या फायली म्हणजे लॉग. त्या फुगत जातात, म्हणून दादांनी त्या वेगळ्या मोठ्या डिस्कवर ठेवायची सोय केली होती. सर्व्हरची नवीन आवृत्ती टाकताना ती जागा बदलली. आता लॉग त्याच छोट्या डिस्कवर साठतात जिच्यावर सर्व्हर चालतो. ती भरली की सर्व्हर बंद. आरती चालू असताना कोणीतरी लॉग पुसतं. जागा झाली की सर्व्हर चालू.”

“आणि तो मेसेज?” नीरजाने विचारलं.

“दादा तो पाठवत असतानाच सर्व्हर बंद पडला, म्हणून तो एकच मेसेज पाठवायच्या रांगेत अडकला. पोचल्याची नोंद लॉगमध्ये होते. लॉग पुसला की सर्व्हरला वाटतं, अजून पोचवायचाय. तो पुन्हा पाठवतो.”

अनिल पुढे आला. “आवृत्ती मी टाकली होती. जागा बघितलीच नाही. दादा तेच दुरुस्त करायला निघाले होते. बुवा म्हणाले, तू गप्प रहा, मी निभावून नेतो.”

बुवा तोवर चपलांच्या ढिगात स्वतःच्या चपला शोधत होते.

महरीनने लॉगची जागा मोठ्या डिस्कवर परत नेली; सर्व्हर सुरू झाला. मग हात थांबवून मागे वळली. “वहिनी, तो मेसेज रांगेतून काढू?”

“काढ.”

पडद्यावरून काहीच गेल्यासारखं दिसलं नाही. नीरजा अनिलकडे वळली. तिचा आवाज सपाट होता.

“त्याच दिवशी सांगितलं असतंस, तर मी तुझ्यावर रागावले असते. तेवढंच झालं असतं.” मग ती दाराशी जमलेल्यांना म्हणाली, “यंत्र बंद पडलं तर कारण शोधा. माणूस गेला तर गेला म्हणा, आणि मागे राहिलेल्या बाईला विचारा, जेवलीस का. यातल्या कशालाच बुवा लागत नाही.”

राजाभाऊंनी नोकरीचा विषय पुन्हा काढला नाही.

थोड्या वेळाने पॅकिंगमधल्या येसूबाई तिच्या टेबलाशी आल्या. “चल गो, भाकरी आणि कुळथाची पिठी आहे.”

नीरजा उठली. चव लागली नाही, पण अर्धी भाकरी तिने खाल्ली.