कुठे आहेस?

धरणाच्या तोंडाशी अडकलेला गाळ काढायचा, एवढंच काम. पण धरण डोंगरमाथ्यावर होतं आणि ती सकाळीच जीपने खालून वर आली होती. पाणबुड्यांचा सूट चढवून ती काठावर बसली. मनगटावर बाबांचा डाइव्ह कॉम्प्युटर, पाण्याखाली किती वेळ राहायचं ते सांगणारं यंत्र. पट्टा शेवटच्या भोकापर्यंत ओढूनही सैलच.

दोर धरायला नवा जोडीदार होता. आजवर तो दोर बाबांच्या हातात असे.

"ताई, उतरा की आता!"

"पाणी काय पळून जातंय का?" ती म्हणाली. हे उत्तरही बाबांचंच.

तिने एक पाय पाण्यात सोडला आणि थांबली. काहीतरी राहिलं होतं. दर वेळी बाबा दोराची शेवटची गाठ मारत आणि समोर बसलेल्या लेकीलाच विचारत, "कुठे आहेस गं?" तिने यंत्रात बघून त्या जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची वाचायची, मगच दोर सैल. एकदा ती चिडून म्हणाली होती, "तुमच्या नाकासमोर!" त्या दुपारी त्यांनी तिला कोरडीच बसवली.

आज कुणी विचारलंच नव्हतं.

तिने मनगट वर केलं. पडद्यावर समुद्रसपाटी. बाबांची शेवटची बुडी समुद्रात झाली, मग ते आजारी पडले आणि यंत्र पेटीत गेलं. जुनं यंत्र ते. उंची त्याला हाताने सांगावी लागते. तशीच उतरली असती, तर त्याने समुद्राच्या हिशेबाने जास्त वेळ खाली राहू दिलं असतं. वरच्या विरळ हवेत तोच वेळ अंगाशी आला असता. रक्तात बुडबुडे झाले असते.

बटण दाबायला बोट उचललं, पण दाबवेना. पडद्यावरची समुद्रसपाटी ही बाबांच्या बोटाची खूण होती. शेवटची.

तिने दाबलं. समुद्र गेला, डोंगर आला.

"आज नाही," ती म्हणाली. "अंगालाही वरच्या हवेची सवय व्हायला हवी. उद्या."

"म्हणजे एवढ्या नटूनथटून बसलात, ते फुकटच!"

"आणि उद्या उतरण्याआधी मला विचारायचं, कुठे आहात म्हणून."

"समोरच तर असाल की!"

"तरी विचारायचं."

तो हसला आणि दोर गुंडाळून जीपकडे गेला. काठावर ती एकटीच उरली. थोड्या वेळाने तिने पडद्यावरची उंची मोठ्याने वाचली. मग जरा थांबून पुन्हा एकदा, बाबांना ऐकू जाईल अशी.