शनिवारची भर

त्या टेकड्यांवर एक रीत आहे. माणसाच्या पोराला नावं ठेवा, सुनेला ठेवा, पाद्र्याच्या प्रवचनाला तर खुशाल ठेवा. पण त्यानं स्वतःच्या तळघरात, स्वतःच्या पिंपातून काढून हातात दिलेल्या ग्लासाला नाव ठेवायचं नाही. ग्लास रिकामा करायचा, जरा छताकडे बघायचं आणि म्हणायचं, "बंद आहे अजून. वेळ द्यायला हवा." नेब्बिओलोच्या द्राक्षाचा हा फायदाच म्हणायचा. त्याची वाइन पहिली काही वर्षं खरोखरच तुरट, हट्टी आणि तोंड मिटून बसलेली असते, त्यामुळे आपण खरं बोललो की खोटं हे बोलणाऱ्यालाही छातीठोकपणे सांगता येत नाही. शेजारच्या बतिस्ताच्या चुलत्याच्या पिंपात एकदा उंदीर निघाला होता. त्याआधी वर्षभर सगळं गाव त्या पिंपाला 'बंद आहे' म्हणत होतं.

देल्फिनानं हे वाक्य फेब्रुवारीत उच्चारलं, आणि तेही स्वतःच्या नवऱ्यापाशी.

एव्हासिओ तेव्हा नुकताच तापातून उठला होता. जानेवारीतले दहा दिवस अंथरुणात काढून तो मानेनं कोंबडीसारखा बारीक झाला होता. त्या शनिवारी तो मफलर गुंडाळून तळघरातून वर आला, स्वयंपाकघरात तिच्यासमोर ग्लास धरला आणि म्हणाला, "बघ जरा. कशी आहे?"

लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली होती आणि या माणसानं तिला वाइनबद्दल एकदाही विचारलं नव्हतं. विचारायची गरजच काय होती? पिंपावर नाक नेऊन तो सांगायचा की ही द्राक्षं वरच्या तुकड्यातली, ही ओढ्याकाठची, आणि ही तोडायला आपण चार दिवस उशीर केला. तिच्या वाट्याला ग्लास धुणं होतं. आणि आता हा विचारत होता. देल्फिनानं पिठाचे हात ॲप्रनला पुसले. तिला साठाव्या वर्षी लाजल्यासारखं झालं.

ग्लासातली वाइन पिंपातली नव्हती. पिंपांत भर घालायला म्हणून जी वेताच्या टोपलीतली मोठी काचेची बरणी ठेवलेली असते, तिच्यातली होती. देल्फिनानं नाक खाली नेलं. सुकलेला गुलाब होता, डांबराची ओळखीची धार होती, आणि त्यांच्या मागे दाराआड कुणी उभं असावं तसा अगदी पातळ, नखांचा रंग पुसायच्या पाण्याचा वास होता.

तिला कळलं. बरणी अर्धी झाली, वरच्या मोकळ्या जागेत हवा राहिली, आणि वाइन आंबायच्या वाटेला लागली. पण समोर ती बारीक मान होती. शिवाय याला कळलं नसेल असं कसं होईल? एवढं नाक! हा आपला माझं मन राखायला विचारतोय. खाली गेला की ओतून देईल मोरीत. असा सगळा हिशेब तिनं एका घोटात केला.

"बंद आहे अजून," ती म्हणाली. "पण छान आहे."

"छान आहे?"

"छान आहे म्हणते ना."

तो मान हलवून खाली गेला.

लाकूड वाइन पितं. पिंप कितीही घट्ट असलं तरी आठवड्याला चार बोटं कमी होतंच, आणि ती चार बोटं भरली नाहीत तर तिथे हवा शिरते. म्हणून दर शनिवारी सकाळी एव्हासिओ बूच काढून तिन्ही पिंपं काठोकाठ भरायचा. देल्फिना तेव्हा गावात बाजाराला गेलेली असायची. एप्रिलमध्ये त्यानं पुन्हा एकदा ग्लास वर आणला. ती वाटाणे सोलत होती, तिनं ओठ ओले केले आणि तेच वाक्य म्हटलं. जूनमध्ये तर ग्लास तोंडाला लावायच्या आधीच म्हटलं. विचारलं जाण्याचीच तिला इतकी गोडी लागली होती की काय विचारलंय तिकडे लक्ष गेलं नाही.

जुलैत गारांनी मळा झोडपला. यंदा एकही घड पिंपात गेला नाही. जे काही होतं ते त्या तीन पिंपांत: चांगल्या वर्षाची दोन मोठी, आणि वरच्या तुकड्यातल्या जुन्या वेलींचं एक लहान.

नोव्हेंबरात, संत मार्टिनच्या सणाला, बतिस्ता आणि त्याची बायको पिनुच्चा नेहमीप्रमाणे जेवायला आली. जेवणाआधी तळघरात चाखणं हेही नेहमीचंच.

"पिनुच्चा, जपून. पायऱ्या ओल्या आहेत," देल्फिना म्हणाली.

"चाळीस वर्षं उतरतेय मी. पायऱ्या ओळखतात मला."

"वजनावरून ओळखत असतील," बतिस्ता मागून म्हणाला.

"तू बोल. तुझ्या पॅन्टला मी आजच बोटभर जागा सोडून बटण लावलंय."

एव्हासिओनं पहिल्या पिंपात काचेची नळी बुडवली, वरचं भोक अंगठ्यानं दाबलं आणि ग्लासांत वाइन सोडली. रंग देखणा होता, डाळिंबाच्या दाण्यासारखा. बतिस्ता ग्लास फिरवत काहीतरी गार वाऱ्याबद्दल बोलत होता, ते बोलणं नाक खाली गेल्यावर मध्येच थांबलं. मग त्यानं एरंडेल घ्यावं तसा ग्लास एका दमात रिकामा केला आणि छताकडे बघितलं.

"बंद आहे," तो म्हणाला.

"वेळ देऊ की," एव्हासिओ म्हणाला. "आपल्याला कुठे घाई आहे?"

देल्फिना पिनुच्चाकडे बघत होती. ही बाई बिशपच्या तोंडावर त्याच्या बुटांना हसलेली. तीच आता हळू आवाजात, आजाऱ्याशी बोलावं तसं म्हणाली, "उघडेल रे. वेळ दिला की उघडेल."

तो मऊपणा देल्फिनाच्या ओळखीचा नव्हता. तिनं नवऱ्याच्या हातातला ग्लास घेऊन नाकाशी नेला. आता कुणी दाराआड उभं नव्हतं. घरात शिरून पाय पसरून बसलं होतं.

दुसऱ्या पिंपाचंही तेच झालं, जरा कमी, पण तेच. एव्हासिओ लहान पिंपाकडे वळला तेव्हा बतिस्तानं त्याच्या खांद्यावर हात टाकला. "ते राहू दे. माझं पोट ओरडतंय, संत मार्टिनलाही ऐकू जाईल."

सगळे वर निघाले. देल्फिनानं सकाळपासून लसूण आणि खारवलेले मासे तेलात मंद आचेवर शिजत ठेवले होते. तो वास जिना उतरून खालीपर्यंत आला होता, कपड्यांत शिरला होता, बाहेरच्या रस्त्यावर टपालवाल्यानंही सकाळी हात हलवून 'आज मजा आहे' म्हटलं होतं. एव्हासिओ स्वयंपाकघराच्या दारात थांबला आणि म्हणाला, "काय केलंयस आज?"

बतिस्ता हसायला लागला. "अरे, त्या वासानं चर्चमधले..." एवढं बोलून त्यानं खुर्ची ओढली. तिघांनी एकमेकांकडे बघितलं नाही.

जेवताना एव्हासिओनं अठरा वर्षांपूर्वीची बाटली उघडली. तिच्याबद्दल काय सांगावं! आधी काहीच नसतं, मग ग्लास तळव्यात जरा ऊब धरतो आणि सुकलेल्या गुलाबपाकळ्या येतात, त्यामागून ज्येष्ठमध, पावसानंतरचा पालापाचोळा, मुरवलेल्या चेरी, आणि घोट गिळून झाल्यावर बऱ्याच वेळानं, परत जायला निघालेल्या पाहुण्यानं उंबऱ्यातून मागे वळून बघावं तशी डांबराची ती काळी, गोड कड. तुरटपणा होता, पण हिरड्यांवर मखमल ओढल्यासारखा. पिनुच्चानं डोळे मिटले. बतिस्तानं ब्रेडनं ताटलीतलं तेल पुसता पुसता दुसरा ग्लास पुढे केला. ज्या टेबलावर अशी बाटली असते तिथे माणसं थोडा वेळ एकमेकांना माफ करतात.

एव्हासिओनं ग्लासात नाक घातलं, पुष्कळ वेळ ठेवलं. "गुलाब," तो म्हणाला. "ज्येष्ठमध. मागे डांबर." तेच शब्द, त्याच क्रमानं, जे तो त्या सालच्या वाइनबद्दल अठरा वर्षं म्हणत आला होता. तळघरातल्या पहिल्या पिंपाबद्दलही त्यानं सकाळी हेच म्हटलं होतं. डोळे मात्र त्यानं मिटले नव्हते. पूर्वी वास घेताना ते आपोआप मिटायचे.

पाहुणे लवकर उठले. दारात पिनुच्चानं देल्फिनाचा दंड दाबला. "उद्या येऊ का?"

"कशाला?"

"असंच."

भांडी तशीच टाकून देल्फिना तळघरात उतरली. दुपारचे तीन वाजले असतील. वरच्या झरोक्यातून धुक्याचा पांढरा उजेड येत होता. लहान पिंपाचं बूच काढलेलं होतं आणि शेजारी स्टुलावर एव्हासिओ हातात नळी घेऊन बसला होता.

"याच्यासाठीच आलीस ना?"

ती उभीच राहिली. "तुला वास येत नाही."

"तापापासून नाही येत."

"दहा महिने झाले, एव्हासिओ."

"मोजलेत मी."

"डॉक्टरला दाखवलं असतंस."

"दाखवलं. एप्रिलात, खत आणायला जातो म्हणालो होतो तेव्हा. म्हणाला, कधीकधी परत येतो. मग त्यानं विषय बदलून मला नातवंडांच्या शाळेबद्दल विचारलं, म्हणजे कळलं की येत नाही."

"मला सांगायचं होतंस."

"सांगून काय झालं असतं? ग्लास तर तुझ्याकडे आणतच होतो." तो नळीकडे बघत बोलत होता. "फेब्रुवारीत त्या बरणीची मला शंका होती. वास नव्हता, पण जिभेला बारीक टोचत होती. आपल्या वाइनचं टोचणं मला माहीत आहे, हे वेगळं वाटलं. ओतूनच देणार होतो. मग म्हटलं, उगाच चांगली वाइन फेकायची का? देल्फिनाला नाक आहे, तिला विचारू."

देल्फिनानं पिंपाला हात टेकला. लाकूड गार होतं.

"तू म्हणालीस छान आहे. म्हणून पिंपांत भरली."

"मला वाटलं," ती म्हणाली, आणि पुढचं वाक्य तिला स्वतःलाच ऐकवेना. "मला वाटलं तू माझे लाड करतोयस."

"एकेचाळीस वर्षांत कधी केले होते?"

यावर हसता आलं असतं. दोघांनीही तसा प्रयत्न केला आणि सोडून दिला. 'मी कळूनसुद्धा बोलले नाही' हे तिला सांगायचं होतं, पण ते त्याला आता ठाऊकच होतं. त्यानं सांगायला लावलं नाही, हे सर्वांत वाईट.

त्यानं नळी बुडवली, ग्लासात लहान पिंपातली वाइन सोडली आणि तिच्यापुढे धरली. "सांग. आणि मी पाहुणा नाही, हे लक्षात ठेव."

तिनं नाक खाली नेलं. या पिंपात भर कमी लागायची, एवढ्याशा आशेवर ती जिना उतरली होती.

"नखांचा रंग पुसायचं पाणी," ती म्हणाली.

"आधी की नंतर?"

"आधी. लगेच."

"मग?"

"मग सिरका. पोत्यात विसरलेल्या सफरचंदांसारखा."

"गुलाब?"

तिनं शोधला. ग्लास तळव्यात धरून ऊब दिली, फिरवला, पुन्हा शोधला. काहीतरी होतं असं वाटलं, पण ते जेवणाच्या बाटलीतलं असावं, अजून नाकात रेंगाळलेलं.

"नाही," ती म्हणाली.

"डांबर?"

"नाही."

"गिळून बघ. शेवटाला काय राहतं ते बघ."

तिनं घोट घेतला, गिळला, आणि तो वाट बघायचा तितकी वाट बघितली. घशात जळजळ झाली आणि मग तीही गेली.

"काही राहत नाही," ती म्हणाली. "आंबट तेवढं."

एव्हासिओनं मान हलवली, बरोबर उत्तर ऐकल्यासारखी. मग तो स्टुलावरून उठला, गुडघा धरत दुसऱ्या पिंपापाशी गेला आणि त्याचं बूच हातोडीनं सैल करायला लागला. त्या पिंपाचं काय झालंय हे सकाळपासून तिला माहीत होतं, आता त्यालाही.

"आता हे," तो म्हणाला. "नीट सांग. काही गाळू नकोस."

देल्फिनानं ग्लास पुढे धरला.