नाव ठेवलेला बोकड

मी एक जुना बोकड आहे. मित्रांनो, हे वाक्य घाईने वाचू नका. जुनी छत्री, जुनी खुर्ची, जुना कंदील यांची आत्मवृत्तं तुम्ही शाळेत भरपूर लिहिली असतील. जुन्या बोकडाचं एकही लिहिलं नसेल. कारण बोकड जुना होत नसतो. होऊ देत नाहीत.

माझा जन्म एरंडोलजवळच्या एका शिवारात, झुलाल आबांच्या गोठ्यामागे, कापसाच्या पऱ्हाट्यांच्या कुंपणाच्या आडोशाला झाला. आबांच्या घरातल्या प्रत्येक म्हशीला नाव होतं. बकऱ्यांना होतं. कुत्र्याला तर दोन होती, एक लाडाचं आणि एक त्याने चप्पल पळवली की वापरायचं. बोकडांना मात्र नाव नव्हतं. आबांच्या बायकोचा, भिकुबाईंचा, तसा कडक नियमच होता. "नाव ठेवं का घास घशाखाले उतरत नही," त्या म्हणायच्या. म्हणून मी 'तो काळा'. माझा धाकटा, पांढऱ्या ठिपक्यांचा भाऊ 'तो बांडा'. पाहुण्यांसमोर आम्ही दोघंही 'ते'.

बिननावाचं आयुष्य वाईट नसतं. बाभळीच्या शेंगा मिळतात, निंबाचा पाला मिळतो. फक्त एका जागी स्वस्थ बसवत नाही. कोणी म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला तर तिला माया वाटते. बोकडाच्या पाठीवरून हात फिरवला की त्याला पहिली शंका वजनाची येते.

अशात आबांच्या सुनेने, सुलक्षणाने, एक कल्पना काढली. शहरातल्या मुलांना दूध पिशवीतून आणि अंडं ट्रेमधून येतं असं वाटतं, तेव्हा दर रविवारी आपलं शिवार त्यांना दाखवायचं. अन्न कुठून येतं ते प्रत्यक्ष पाहू दे. वर चुलीवरचं जेवण. कल्पना सगळ्यांना आवडली. गोठा सारवला गेला, कुत्र्याला आंघोळ घातली गेली, आणि प्रत्येक जनावरासमोर एक पाटी लागली. म्हैस – दूध. कोंबडी – अंडी. गाय – दूध, शेण, गोमूत्र. गाईची पाटी सगळ्यांत मोठी होती.

माझ्यासमोरची पाटी कोरी राहिली. बोकड, आणि पुढे नुसती रेघ. मला वाचता येत नाही, पण कोरी पाटी कोणालाही वाचता येते. मी खुंट्याभोवती फिरून फिरून दावं गुंडाळून घ्यायचो आणि पुन्हा उलटा फिरून सोडवायचो.

पाटीवरून घरात वाद झाला.

"आबा, खरं तेच लिहायचं," सुलक्षणा म्हणाली. "झाकायचंच असेल तर शिवार उघडायचं कशाला?"

"बेटा, शहरनी पोरं शेतस. रडतीन," आबा म्हणाले. "मंग त्यास्ना मायबाप आपले फोनवर नावं ठेवतीन."

शेवटी आबांनी खडूने, मोठ्याने उच्चारत, स्वतः लिहिलं: बोकड – लेंडीखत. मला तेव्हा फार बरं वाटलं. मित्रांनो, पुढचा आठवडाभर मी माझं काम इतक्या निष्ठेने केलं की झाडणाऱ्यांचे हाल झाले.

पण शनिवारी आबांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. कमरेपाशी जरा दाबला. पुढच्या रविवारी पाचोऱ्याची मंडळी येणार होती आणि त्यांनी फोनवर गावठी मटण सांगून ठेवलं होतं. "हाऊ काळा चालीन," आबा कोणालाही उद्देशून नव्हे असं बोलले. या रविवारच्या जेवणाची सोय त्यांनी आधीच केलेली होती.

दुसऱ्या दिवशी जळगावहून पाहुणे आले. भिकुबाईंनी म्हैस पिळून दाखवली, मुलांनी टाळ्या वाजवल्या. म्हैस दचकली आणि तिने पुढचं दूध चोरलं. मग सगळे फिरत फिरत माझ्यापाशी आले. त्यांच्यात डिंपल नावाची एक मुलगी होती. तिने पाटी वाचली, मला पाहिलं, पुन्हा पाटी वाचली.

"आजोबा, लेंडीखत तर बकरी पण देते. वर दूध देते. मग ह्याला कशाला पाळता?"

आबांना खोकला आला.

"शोभेला असेल गं," तिचे वडील मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाले.

नेमकी तेव्हाच चुलीकडून काळ्या मसाल्याच्या फोडणीचा वास आला. बांडा सकाळपासून जागेवर नव्हता. मी दोनदा हाक मारून पाहिली होती.

सुलक्षणा मुलीसमोर उकिडवी बसली. "मटणासाठी पाळतो, डिंपल. आज जेवणात आहे ते ह्याच्या भावाचं."

 वडिलांनी मोबाइल खिशात ठेवला. डिंपलने माझ्याकडे पाहिलं. "त्याला माहितीये?" तिने विचारलं. सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी पाला चघळत राहिलो. दुसरं करण्यासारखं काही सुचेना.

"ह्याचं नाव काय?"

"नाव नही," आबा घाईने म्हणाले.

"मग मी ठेवते. चॉकलेट!"

अशा रीतीने मी एका खाण्याच्या पदार्थातून दुसऱ्या खाण्याच्या पदार्थात गेलो. पण भिकुबाईंच्या हातातली चरवी खाली टेकली. "झायं आते!" त्या म्हणाल्या. "ठी दिधं नाव."

"पोरनी ठेवं, आपण नही," आबांनी मुद्दा काढला.

"आपलाच दारम्हा ठेवं ना? मंग नाव आपलंच शे. चाकलेटले हात लावशात, तर चूल तुम्हीच पेटाडा."

आबांना चहाची चूलसुद्धा पेटवता येत नाही. मी वाचलो. पाचोऱ्याच्या मंडळींनी वांग्याचं भरीत खाल्लं आणि 'सांगितलं एक, वाढलं एक' म्हणून जाताना यथेच्छ नावं ठेवली. एक नाव मला मिळालं होतं, बाकीची आबांना मिळाली.

पण त्या रविवारच्या पंगतीचं सांगायचं राहिलं. डिंपल मटण खाणार नाही असं सगळ्यांना वाटलं होतं. तिने खाल्लं. हळूहळू, भाकरीने ताट पुसून. हाडाला एक कणही ठेवला नाही. तिच्या वडिलांनी तिखट लागतं म्हणून अर्धं ताट तसंच बाजूला सारलं. मी कुंपणातून दोन्ही ताटं पाहिली.

माझ्या पाटीवर आता 'मटण' असंच लिहिलंय. सुलक्षणाचं अक्षर आहे. आबा दर रविवारी फाटकात उभे राहून पाहुण्यांना हात जोडतात, "बठ्ठं शिवार देखा, पन नावं ठेवू नका!" पाहुण्यांचा गैरसमज होतो. ते घाबरून शेणाचंही कौतुक करतात.

मी मात्र अजून स्वस्थ बसत नाही. शेजारी नवे काळे, नवे बांडे बांधले जातात. म्हातारं कसं व्हायचं, असं ते मला विचारतात. मी काय सांगणार? ते ज्याच्या त्याच्या हातात नसतं. मग एखाद्या सकाळी दोन हाका मारतो आणि पुढे विचारत नाही.

मित्रांनो, खाऊ नका असं मी म्हणणार नाही. माझं ऐकतो कोण? पण जेवायला बसाल तेव्हा ताटात टाकू नका. जे टाकाल ते कोणीतरी होतं. त्याला नाव नव्हतं, एवढंच.