घराला तडा गेल्याचा दाखला

आर्सेनो घराण्यातले भांडण क्लोतिल्दबाईंनी आजवर उंबऱ्याबाहेर जाऊ दिले नव्हते. त्यांचे दोन मुलगे, थोरला आल्सीद आणि धाकटा तेओफील, कित्येक वर्षे एकमेकांशी एक अक्षरही बोलत नव्हते. परंतु दर रविवारी चर्चमध्ये बाई एकाला उजवीकडे, दुसऱ्याला डावीकडे बसवीत आणि गावाला वाटे, काय हे बंधुप्रेम! झाकली मूठ सव्वा लाखाची.

ती मूठ उघडण्याची वेळ आली ती गवतामुळे. लष्करी छावणीतले गवत कापण्याचे, केवळ लहान धंद्यांसाठी राखलेले कंत्राट आल्सीदला मिळाले. हरलेल्या स्पर्धकाने लगेच तक्रार ठोकली: धाकटाही गवतच कापतो, भाऊ-भाऊ म्हणजे एकच धंदा, आणि दोघांचा मिळून तो लहान कसला?

"कायदा सख्ख्या भावांना एकच धरतो, बाई," पर्व्हिस वकील घाम पुसत म्हणाले. "सुटका एकच. घराला उघड तडा गेलाय, असं तुम्ही लिहून द्यायचं."

"माझ्या घराला? माझ्या हातानं? त्यापेक्षा गावाला विचारा की."

"विचारलं. सगळे म्हणतात, असं प्रेम बघितलं नाही!"

"आई, कंत्राट गेलं तर मी बुडालो गं," आल्सीद रडकुंडीला आला.

बाईंनी ओठ आवळले आणि तेओफीलला बोलावणे धाडले.

भांडण गंबोचे होते. त्या रश्श्यात आल्सीद टोमॅटो घाली. तेओफीलच्या मते ते महापाप होते.

तेओफील येताच आल्सीद उसळला, "माझ्या लग्नात यानं माझ्या गंबोला टोमॅटोचं सार म्हटलं. लिहा, वकीलसाहेब!"

"एवढंच? मी डुकराचं नाव आल्सीद ठेवलं, ते सांग की, दादा!"

"अरे हो! आणि जत्रेत त्याला पहिलं बक्षीस मिळालं!"

"तुला कधी मिळालं होतं का?"

दोघे टेबल बडवून हसू लागले. वकिलांनी लेखणी ठेवली.

"हसू नका हो! टेंडर भरलं त्या दिवशी भांडण होतं, एवढं पुरे आहे. पण निकाल लागेपर्यंत चारचौघांत एकत्र दिसू नका!"

बाईंनी जड हाताने प्रतिज्ञापत्र लिहिले. आल्सीदने उत्सुकतेने विचारले, "आई, बरोबर कोण, ते लिहिलंस ना?"

वकिलांनी वाचले: "दोघांचाही गंबो खाण्याच्या लायकीचा नाही."

"आई!" दोघे एका सुरात ओरडले. तेओफील म्हणाला, "चल दादा, इथं घोटभर पाणी प्यायचं नाही!" आणि तणतणत दोघे आल्सीदच्या गाडीत जाऊन बसले.

"एकाच गाडीत!" वकील पांढरेफटक पडले.

समोरच्या ओसरीवर त्या स्पर्धकाची मावशी भेंडी चिरीत बसली होती. तिची सुरी थांबली.

"तेओफील, खाली उतर!" बाई गरजल्या.

तेओफीलने मावशीकडे पाहिले, गाडीबाहेर उडी मारली आणि दार धाडकन आपटले. "तुझ्या गाडीत बसण्यापेक्षा मगरीच्या पाठीवर बसेन!"

"चालत जा, गाढवा!" आल्सीदने खिडकीतून प्रेमभराने शिवी हासडली. तेओफील भर उन्हात पायी निघाला.

मावशी कुंपणाशी आली. "क्लोतिल्द, पोरांचं बिनसलंय की काय?"

बाईंनी मान ताठ केली.

"बिनसलंय. आज नाही, कित्येक वर्षांपूर्वी. जा, सांग तुझ्या भाच्याला. आणि सगळं नीट सांग, अर्धवट सांगू नकोस!"