बंद न्हाणीघरातली बादली

मित्रांनो, न्हाणीघरात नळाखाली जी पत्र्याची बादली ठेवलेली असते, तिच्याकडे कोणी मान वळवून पाहत नाही. तशीच एक मी. वय विचाराल, तर तिशी कधीच ओलांडली आहे. माझ्या बुडाला मोठा पोचा आहे आणि अंगावर पांढरे चट्टे आहेत. ते कशाने आले, ते आज सांगते.

माझा जन्म इथून फार दूर, इस्सिक-कुल सरोवराच्या मुलखातल्या कोचकोर गावच्या बाजारात झाला. ओस्मोन नावाच्या पत्रेवाल्याने मला ठोकून ठोकून गोल केले, कडी बसवली आणि दुकानाबाहेर उन्हात टांगले. तिथून रापिया नावाच्या बाईने मला डोंगराकडच्या आपल्या गावी नेले. सकाळी मी झऱ्यावर जाई, दुपारी गोठ्यात. शरद ऋतू लागला की माझे मोठे काम सुरू होई. गावाबाहेरच्या खारवट जमिनीत अलाबोता नावाचे झुडूप उगवते. ते वाळवून, जाळून त्याची राख माझ्यात भरून आणायची. त्या राखेचे पाणी आणि मेंढीची चरबी मोठ्या कढईत दिवसभर रटरटत ठेवली की काळाभोर साबण तयार होई. त्याचे हाताने गोळे वळत. त्याच साबणाने कपडे, भांडी, जमीन, डोकी सगळे धुतले जाई. धुण्याचे पाणी गोठ्यामागच्या गवतात ओतले, तरी गवत हिरवेच राही.

कढई ढवळायला रापियाची मुलगी गुलसायरा बसे. धुराने डोळे चोळत ती आईला विचारी, "अपा, किती वेळ गं अजून?"

"तुझं लग्न होईपर्यंत," आई म्हणे आणि दोघी हसत.

आणि खरेच गुलसायराचे लग्न झाले. रापियाने माझ्यात काळ्या साबणाचे अकरा गोळे भरले, वर फडके बांधले आणि मला लेकीबरोबर पाठवून दिले. आम्ही इस्सिक-कुल सरोवराच्या काठावरच्या बालिक्ची गावात आलो. पाच मजली इमारत, चौथा मजला, दोन खोल्या. नवरा एर्मेक चार महिन्यांत रशियाला बांधकामावर निघून गेला. घरात उरल्या सासूबाई कलीपा-अपा आणि गुलसायरा. तिकडे आईला आणि थोरल्या बायकांनाही अपाच म्हणतात. पुढे छोटी अकमराल झाली. मला न्हाणीघरात ठेवले गेले, आणि त्यानंतर मी आकाश पाहिले नाही.

बालिक्चीला उलान नावाचा वारा सुटतो. तो सुटला की तोंडात वाळू जाते आणि भिंती हू हू करतात. त्याला घाबरून कलीपा-अपांनी खिडक्यांच्या फटींवर कागदाच्या पट्ट्या खळीने चिकटवल्या होत्या. न्हाणीघराला तर खिडकीच नव्हती. छताजवळ हवेचे एक भोक होते, त्यातही त्यांनी जुना स्वेटर कोंबला होता. दिवा विझला की आत इतका काळोख होई, की मला माझी कडीसुद्धा दिसत नसे.

कलीपा-अपा वाईट नव्हत्या, मित्रांनो. हे मी मुद्दाम सांगते. त्यांनी गावच्या इस्पितळात तीस वर्षे सफाईचे काम केले होते. त्या ज्या वॉर्डात फरशी पुसत, तिथे एका रोग्याचा आजार दुसऱ्याला लागत नसे, असे म्हातारे डॉक्टर सांगत. क्लोरीनच्या पाण्याने त्यांनी माणसे वाचवली होती. म्हणून घरातही त्यांना तेच हवे होते. रोज सकाळी माझ्यात क्लोरीनचे पाणी कालवले जाई आणि जमीन, भिंती, दाराच्या कड्या, सगळ्यांवरून ते फडके फिरे.

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात गुलसायराने एकदा काळ्या साबणाने न्हाणीघर घासले. टब लख्ख दिसत होता. कलीपा-अपा दारात आल्या, नाक वर करून थांबल्या.

"घासलंस?"

"हो अपा. बघा ना, किती स्वच्छ झालंय."

"बघून काय कळतं? वास कुठाय?"

"साबणाला वास आहे की. धुराचा, थोडासा."

"मला नाही येत." त्यांनी गोळा दोन बोटांत उचलला. "हे गावी चालतं गं. इथं आपण मेंढ्या धुतोय का? उद्या कुणी पाहुणी आली तर म्हणेल, कलीपाच्या घरात क्लोरीन घ्यायची ऐपत नाही."

गुलसायराने मान खाली घातली. सुनेने उलट बोलायचे नाही, ही तिकडची रीत. साबणाचे गोळे माळ्यावर गेले आणि मी पुन्हा क्लोरीनने भरले.

माझा पत्रा पांढरा पडू लागला. गुलसायराच्या बोटांच्या पेरांना भेगा पडल्या. पीठ मळताना ती ओठ दाबून धरी. अकमराल रांगायला लागली ती ओल्या जमिनीवरच, आणि वर्षाची होता होता खोकू लागली. रात्रंदिवस नव्हे, पण सकाळी, पुसणे झाल्यावर, हमखास. गुलसायरा न्हाणीघरात येई, दार लोटून घेई, माझ्या काठावर हात टेकून बसे. ती रडत नसे. नुसती बसे. बाहेरून हाक आली की उठे. आम्ही दोघी एका डोंगरातून आलेल्या आणि एका खोलीत अडकलेल्या. फरक इतकाच, की मला कोणाला "हो अपा" म्हणावे लागत नव्हते.

आमच्या खालच्या मजल्यावर शार्शेन-आके राहत; आके म्हणजे वडीलधारे दादा. रेल्वेतून निवृत्त झालेले, एकटे, सोबतीला एक मांजर. कलीपा-अपांचे आणि त्यांचे जिन्यात रोज वाजे.

"कलीपा, तुमच्या वासानं माझं मांजर शिंकतंय हो!"

"मांजराला आंघोळ घाला. म्हणजे तेही शिंकायचं नाही आणि तुम्हीही माणसात याल."

"मी आंघोळ करतो! इस्पितळात राहत नाही, एवढंच!"

वर जरा खाट सरकली, तरी शार्शेन-आके खालून पाइपवर पाना आपटून निषेध करीत. इमारतीतले पाइप सगळ्या मजल्यांतून गेलेले होते. त्यामुळे तो ठणठणाट आमच्या न्हाणीघरात माझ्या कानाशीच वाजे.

अकमराल चार वर्षांची झाली त्या वसंतातली गोष्ट. एर्मेकचे काका-काकू दुसऱ्या दिवशी जेवायला येणार होते. सकाळी अकमरालला बालवाडीत सोडले. कलीपा-अपा मांस आणायला बाजारात निघाल्या. टबाच्या तळाशी गंजाचा एक तांबडा ओघळ होता, तो त्यांना बोचत होता. आदल्या दिवशी त्यांनी बाजारातल्या एका ठेल्यावरून सरबताच्या जुन्या बाटलीत भरलेले पिवळे पाणी स्वस्तात आणले होते. बाटलीवर एक अक्षर नव्हते.

"क्लोरीन टाकून ठेव, आणि त्याच्यावर हे ओत," त्या पायात बूट घालता घालता म्हणाल्या. "ठेलेवाली म्हणाली, गंजाचा बापसुद्धा निघेल."

"अपा, दोन्ही एकदम?"

"इस्पितळात मी तीस वर्षं घालवली की तू?"

"बरं अपा."

गुलसायरा आत आली. वास घरभर पसरून मुलीच्या अंथरुणात बसू नये, म्हणून तिने दार घट्ट ओढून घेतले. नळाला त्या दिवशी पाणी नव्हते, म्हणून मी काठोकाठ भरून ठेवलेली होते. तिने टबात क्लोरीन टाकले आणि त्यावर ते पिवळे पाणी ओतले.

सूं करून आवाज झाला. टबातून पिवळसर हिरवी वाफ उठली. गुलसायराला एकदम ठसका लागला. ती दाराकडे वळली, मूठ ओढली, आणि जुनी मूठ आतल्या खिळ्यासकट तिच्या हातात आली. दार बंदच राहिले.

तिने बोटे फटीत घातली, नखे तुटली. ओरडायला तोंड उघडले, पण आवाजाऐवजी खोकलाच आला. मग तिने ओढणी माझ्यात भिजवली, मला उचलले आणि उरलेले सगळे पाणी टबात ओतले. वाफ थोडी बसली, पुन्हा उठली. ओली ओढणी तिने तोंडावर बांधली, टबाच्या काठावर चढली आणि भोकातला स्वेटर ओढू लागली. इतक्या वर्षांत तो तिथे चिकटून बसला होता. निघेना.

तेव्हा तिने मला कडीला धरून पाइपवर हाणले.

ठण्! माझ्या अंगातून कळ गेली. ठण्! ठण्!

खालून उत्तर आले: ठण्, ठण्. शार्शेन-आके रागावले होते!

मित्रांनो, त्या क्षणी मला किती असहाय वाटले, ते कसे सांगू? मला तोंड असते, तर मी ओरडले असते, "आजोबा, हे भांडण नाही, मदतीची हाक आहे!" पण बादलीला ठणठणाटाशिवाय दुसरी भाषा नाही. गुलसायरा हाणत राहिली. माझे बूड आत गेले. तिचे हात ढिले पडू लागले. मध्ये थांबून थांबून एकेक ठोका पडू लागला. आणि खालून येणारे ठोके अचानक बंद झाले.

पुढचे मी दाराआडून ऐकले. जिन्यात धावणारी पावले, आमच्या घराच्या दारावर थापा. मग कलीपा-अपांचा आवाज; त्या बाजारातून नुकत्याच धापा टाकत वर चढल्या होत्या.

"काय हो, आता माझं दार तोडणार का?"

"तुमची सून पाइप बडवतेय!"

"मग? तुम्ही नाही बडवत?"

"अहो, इतक्या वर्षांत त्या पोरीनं वाटीसुद्धा आपटलेली मला ऐकू आली नाही! ती बडवतेय म्हणजे काहीतरी झालंय! किल्ली काढा!"

किल्ली खाली पडल्याचा आवाज आला, मग कुलूप उघडल्याचा. शार्शेन-आकेंनी न्हाणीघराचे दार खांद्याने फोडले. ते खोकत मागे सरले. आत घुसल्या त्या कलीपा-अपा. त्यांनी सुनेला काखेत धरून ओढत बाहेर नेले, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीवरच्या, स्वतः चिकटवलेल्या कागदाच्या पट्ट्या नखांनी टराटरा फाडल्या. खिडकी उघडली. उलान वारा वाळू घेऊन घरात शिरला. गुलसायराने त्यात तोंड घातले.

बाटलीत तेजाब होते आणि ते क्लोरीनला लागले की विषारी वायू होतो, असे डॉक्टरांनी सांगितले. तिला सहा दिवस इस्पितळात ठेवले होते. ज्या वॉर्डाची फरशी कलीपा-अपांनी पुसली होती, त्याच वॉर्डात. ती घरी आली तेव्हा तिचा आवाज घोगरा झाला होता. तो आजही तसाच आहे.

त्या संध्याकाळी कलीपा-अपा टबाच्या काठावर बसल्या होत्या. गुलसायरा फुटलेल्या दाराशी उभी राहिली.

"अपा, चहा झालाय."

"तुला वास आला होता का गं? ओतताना?"

"आला होता. डोळ्यांतून पाणी आलं."

"मग ओतलंस कशाला?"

 गुलसायराने पहिल्यांदाच मान वर केली. "तुम्ही सांगितलंत म्हणून. मी नाही म्हटलं असतं, तर तुम्ही ऐकलं असतंत?"

कलीपा-अपांनी तळवा फरशीवरून फिरवला आणि नाकाशी नेला.

"मला वास येत नाही, बालाम," त्या म्हणाल्या. बालाम म्हणजे माझ्या बाळा. सुनेला त्यांनी असे कधी म्हटलेले मी ऐकले नव्हते. "निवृत्त व्हायच्या आधीपासूनच. भाकरीचा नाही, पोरीच्या डोक्याचा नाही. फक्त क्लोरीनचा येतो, तोही खूप टाकला तर. तो आला नाही, की मला वाटतं सगळं घर घाण आहे आणि मला कळतच नाहीये."

"एर्मेकला माहीत आहे?"

"कुणालाच नाही. सांगितलं असतं, तर इस्पितळानं कामावरून काढलं असतं."

गुलसायरा त्यांच्या शेजारी बसली.  चहा निवून गेला.

माळ्यावरून साबण खाली आला. कोरडा पडून दगड झाला होता, पण पाण्यात घासल्यावर फेस आला. गंजाच्या ओघळावर गुलसायराने व्हिनेगरमध्ये भिजवलेला कपडा रात्रभर ठेवला आणि सकाळी घासला. डाग फिका झाला, पूर्ण गेला नाही. कलीपा-अपांना ते आधी सहन होईना. त्या तीनदा त्याकडे बघून गेल्या. मग म्हणाल्या, "राहू दे. पाहुणे काय टबात जेवणार आहेत?" भांड्यांना सोडा आणि मोहरीची पूड आली. दोन्ही कोपऱ्यावरच्या दुकानात चहापेक्षा स्वस्त मिळतात. क्लोरीनची एक बाटली घरात राहिली, कोणी आजारी पडले तर लागेल म्हणून, पण ती एकटी आणि कुलपात. अकमरालचा खोकला उन्हाळ्यापर्यंत कमी झाला. पूर्ण गेला, असे मी म्हणणार नाही.

आता पुसणे झाले की कलीपा-अपा दारात येऊन विचारतात, "सांग, वास कसला येतोय?"

"ओल्या दगडाचा, अपा. थोडासा धुराचा."

"आणि घाण?"

"नाही येत."

"नक्की?"

"नक्की." त्यांना सुनेवर विश्वास ठेवावा लागतो. कधी कधी जड जाते त्यांना, मी बघते.

गुलसायरा अजून चौथ्या मजल्यावरच आहे. एर्मेक अजून रशियात आहे. उलान सुटला की खिडक्या अजून लावाव्या लागतात, आणि मी अजून त्याच कोपऱ्यात आहे. सगळ्याच भिंती एका दिवसात पडत नाहीत. माझ्या पोच्यामुळे मी जरा तिरकी उभी राहते. नवी प्लास्टिकची बादली घ्यावी, असे शेजारणी म्हणतात. गुलसायरा नको म्हणते.

मित्रांनो, तुम्ही घर स्वच्छ ठेवता, फार चांगले करता. पण नाव नसलेली बाटली घरात आणू नका. साफसफाईची दोन द्रव्ये एकमेकांत मिसळू नका. थोड्यात भागत असेल, तर जास्त ओतू नका. आणि एवढे सगळे विसरलात, तरी एक करा. तुमच्या घरात जी कोणी रोज गुडघ्यांवर बसून न्हाणीघर घासते, ती आई असेल, वहिनी असेल, कामाला येणारी मावशी असेल, तिच्याजवळ जा. न्हाणीघराचे दार उघडे ठेवा आणि तिला विचारा, "तुला श्वास नीट घेता येतोय ना?" मग उत्तर येईपर्यंत तिथेच थांबा.