वीजघरातून आलेली आई

ती कामावरून आली की सासूबाई दारातच हात आडवा करायच्या. "आधी अंघोळ. मग पिल्लू."

"आई, तिथे अंघोळ करूनच निघते हो मी."

"ती तिथली झाली."

आत सहा महिन्यांचं पिल्लू तिचा आवाज ऐकून टाहो फोडायचं, आणि न्हाणीघरात तिचं दूध पाण्याबरोबर वाहून जायचं. अणुवीजकेंद्रात काम करते म्हणजे सून अंगावर काहीतरी घेऊनच येणार, हे सासूबाईंच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. नवऱ्याने तर "तुमच्या दोघींत मला ओढू नका" म्हणून अंग काढून घेतलेलं. अलीकडे पिल्लू रडून रडून बाटलीवरच झोपायला लागलं होतं. अशाने ते अंगावर पिणंच सोडणार, या विचाराने तिला घास गोड लागेना.

केंद्रात घरच्यांना बोलवायचा दिवस ठरला, तेव्हा तिने सासूबाईंना गळच घातली. पिल्लू नवऱ्याकडे सोपवून दोघी निघाल्या.

वाटेत विजेच्या तारांचे उंच मनोरे सुरू झाले. "कुठे जातात गं एवढ्या तारा?"

"आपल्याकडेच. शिवाय आसपासची सगळी गावं. आत पाणी तापतं, वाफेने चाक फिरतं, चाकाने वीज होते. मग ती इस्पितळात, कारखान्यात, तुमच्या मिक्सरमध्ये."

"म्हणजे शेवटी पाणीच उकळता? मला वाटलं, काही मोठं करता!"

तिला हसू फुटलं.

फाटकाशी रेडिएशन तपासणारी चौकट होती. सून तिच्यातून गेली. हिरवा दिवा लागला. मागून सासूबाई पर्स छातीशी धरून आल्या, आणि चौकट जी केकाटली!

"मी काही घेतलेलं नाही हो!" त्या पांढऱ्याफटक पडल्या.

पहारेकऱ्याने हसू दाबलं. "मावशी, इतक्यात इस्पितळात काही तपासणी झाली का?"

"काल. हृदयाची. सुई टोचून फोटो काढले."

"मग तेच. त्या सुईच्या औषधात थोडंसं रेडिएशन असतं. एकदोन दिवसांत जातं. आत नको, पण काचेच्या गॅलरीतून खुशाल बघा."

सासूबाईंनी सुनेचं मनगट धरलं. "अगं, काल तू अंघोळीला गेलीस, तेव्हा पिल्लू माझ्याच मांडीवर होतं की!"

सुनेच्या जिभेवर बरंच काही आलं होतं. पण सासूबाई मनगट सोडत नव्हत्या. तिने ते गिळलं आणि इस्पितळात फोन लावला. कालच्याने काही बिघडत नाही, फक्त आजचा दिवस बाळाला फार वेळ मांडीवर घेऊ नका, असं तिथून सांगितलं.

गॅलरीत काचेपलीकडचं ते लांबलचक यंत्र एका लयीत घुमत होतं. सासूबाई काचेपाशी वाकून बघत होत्या. मग म्हणाल्या, "तू रोज जातेस त्या चौकटीतून?"

"येताना, जाताना."

"कधी वाजली?"

"नाही, आई."

घरी पोचल्या, तर नवरा रडणारं पिल्लू घेऊन दारातच येरझारा घालत होता. सासूबाई पायरीखालीच थांबल्या.

"घे गं त्याला. आत नेत बसू नकोस, इथेच घे."

ती चपलांसकट उंबऱ्यावर टेकली. पिल्लाने आधी तोंड फिरवलं, बाटली शोधली, पुन्हा रडलं. तिने नुसतंच त्याला छातीशी धरून ठेवलं. हळूहळू रडं ओसरलं.

"पितंय का?" सासूबाईंनी लांबूनच विचारलं.

तिने ओठांवर बोट ठेवून होकारार्थी मान डोलावली.